गोळी 7.62ची, मॅगझीन कुणाचे?

अर्धस्वयंचलित रायफलीचा खटका एकदा दाबला की एकच गोळी सुटते. रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसवणे ही कामे मात्र रायफल स्वतः करते. जव्हार-मोखाड्यात सामान्य माणसाला अशी रायफल दिसलीच तर ती बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर. भारतीय बनावटीची एसएलआर हे तिचे सर्वांत परिचित रूप. 1962च्या चीन युद्धानंतर जुन्या .303ची जागा घेण्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. लष्करात पुढे इन्सास आली, तरी राज्याराज्यांच्या पोलिसांकडे एसएलआर टिकून राहिली. तिच्या मॅगझीनविषयीचे गैरसमजही तसेच टिकून आहेत.

गैरसमज: एसएलआर 7.62ची आणि एके-47ही 7.62ची, म्हणजे एकीचे मॅगझीन दुसरीला चालते.

वस्तुस्थिती: चालत नाही. कितीही वेळा सांगितले तरी हा समज पुन्हा उगवतो, कारण आकडा सारखा दिसतो. 7.62 मिलिमीटर हे नळीच्या आतल्या व्यासाचे माप आहे. काडतूस किती लांब आणि पुंगळी किती निमुळती, यांतले काहीही त्या आकड्यातून कळत नाही. पूर्ण नाव वाचले तर भ्रम तिथेच फिटतो: एसएलआरचे काडतूस 7.62×51, एके-47चे 7.62×39. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. टोकापर्यंत मोजले तर पहिले सुमारे 71 मिलिमीटर भरते, दुसरे सुमारे 56. दीड सेंटिमीटरने लांब असलेले काडतूस एकेच्या मॅगझीनमध्ये मावणारच नाही.

मॅगझीनचा आकारही काडतुसावरूनच ठरतो. एकेच्या काडतुसाची पुंगळी बुडाकडून तोंडाकडे बरीच निमुळती होत जाते. अशी काडतुसे एकावर एक रचली की थर आपोआप वळतो, म्हणून ते मॅगझीन केळ्यासारखे वाकडे असते. एसएलआरची पुंगळी जवळजवळ सरळ, म्हणून तिचे वीस गोळ्यांचे मॅगझीनही सरळ. वाकडे मॅगझीन म्हणजे जास्त ताकदीची रायफल, हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ.

दोन्ही रायफलींत मॅगझीन बसवण्याची तऱ्हा एकच असते: पुढचे टोक आत अडकवायचे आणि मागची बाजू खटकन बसेपर्यंत फिरवायची. सवय एक असली तरी खोबण एक नसते. खुद्द एसएलआरच्या घराण्यातही हा घोळ आहे. मूळ बेल्जियन एफएएल रायफल मेट्रिक मापाची; ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने ती इंची मापात बनवली. काडतूस तेच, पण इंची मॅगझीनच्या पुढच्या अंगाला मोठा उंचवटा आहे आणि मेट्रिकच्या तिथे बारीक. त्यामुळे मेट्रिक मॅगझीन इंची रायफलीत जाते, पण डुलते. इंची मॅगझीन मेट्रिक रायफलीत बसतच नाही.

काडतुसाचे प्रमाणीकरण झाले म्हणजे मॅगझीनचेही झाले, असे धरून चालण्यातच चूक आहे. 7.62×51 हे काडतूस नाटोने 1954मध्ये प्रमाण मानले; मॅगझीन ज्याचे त्याने आपल्या सोयीने घडवले. 5.56 मिलिमीटरच्या मॅगझीनसाठी 1980मध्ये नाटोचा मसुदा तयार झाला, पण त्याला अंतिम मान्यता कधीच मिळाली नाही.

मॅगझीन बसले म्हणजे चालले, हेही खरे नाही. गोळी सुटल्यावर नळीतल्या वायूचा थोडा भाग पिस्टनला ढकलतो, बोल्ट मागे जातो आणि पुंगळी बाहेर पडते. बोल्ट स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझीनमधले सर्वांत वरचे काडतूस पुढे लोटतो. तो परत येण्याआधी मॅगझीनच्या स्प्रिंगने ते काडतूस वर आणून ठेवलेले हवे, आणि मॅगझीनच्या तोंडाच्या दुमडलेल्या कडांनी, म्हणजे ओठांनी, ते नेमक्या कोनात धरलेले हवे. मॅगझीन थोडे खाली लोंबत असेल तर बोल्ट काडतुसावरून कोराच निघून जातो आणि पुढच्या खेपेला नुसता ‘टक’ आवाज येतो. एक ओठ जरा फाकलेला असेल तर काडतुसाचे टोक चेंबरऐवजी त्याच्या कडेवर आपटते.

ब्रिटिशांच्या 7.62 ब्रेनगनचे तीस गोळ्यांचे मॅगझीन एसएलआरला बसत असे, तरी त्याचा भरवसा नव्हता. ब्रेनमध्ये मॅगझीन वरून लावतात, त्यामुळे काडतुसे स्वतःच्या वजनाने खाली सरकतात आणि स्प्रिंगवर बेताचाच भार येतो. एसएलआरमध्ये त्याच स्प्रिंगला तीस गोळ्यांचे वजन खालून वर उचलावे लागे.

गैरसमज: गोळी अडकली म्हणजे रायफल भंगार.

वस्तुस्थिती: आधी मॅगझीन तपासावे. प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक टाकला की निदान सोपे होते. अडथळा ठरावीक क्रमांकासोबत एका रायफलीतून दुसरीत जात असेल तर दोष मॅगझीनचा. मॅगझीन बदलूनही त्याच रायफलीत राहत असेल तर चेंबरमधली घाण किंवा गॅस रेग्युलेटर पाहावा. वायूचा जोर अपुरा पडला की बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि नवे काडतूस उचललेच जात नाही.

उरलेले समज थोडक्यात.

भरून ठेवलेल्या मॅगझीनची स्प्रिंग ‘बसते’: चांगली स्प्रिंग नुसत्या दाबून राहण्याने फारशी झिजत नाही, ती झिजते पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने आणि गंजाने.

पावसाळ्यात मॅगझीनमध्ये भरपूर तेल सोडावे: जव्हारच्या धो-धो पावसात गंजाची भीती खरी, पण तेलावर माती चिकटते आणि ते काडतुसाच्या टोपीतही झिरपू शकते, पुसून कोरडे करून नावापुरता हात फिरवला की पुरे.

प्लास्टिकचे मॅगझीन कुचकामी: 1999मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, पण दोष त्या प्लास्टिकचा, ऑस्ट्रियाने 1977मध्ये स्वीकारलेल्या स्टायर रायफलीचे मॅगझीनही प्लास्टिकचेच आहे.

क्लिप आणि मॅगझीन एकच: क्लिप ही काडतुसे एकत्र धरणारी पट्टी, जशी .303ची पाच गोळ्यांची. तिला काडतूस वर ढकलणारी स्प्रिंग नसते.

परवाना असला की अशी रायफल घेता येते: शस्त्र नियम, 2016च्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित रायफल प्रतिबंधित वर्गात आहे आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती बाळगता येत नाही. नाचणी-वरईत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी शेतकरी परवाना मागतो तेव्हा शस्त्र अधिनियम, 1959चे कलम 13 पीकराखणीसाठी ज्या बंदुकीचा उल्लेख करते, ती ठासणीची. तिला मॅगझीन नसते.