हद्द जोडली, शहर जोडायचं राहिलं

मेहकर-चिखली रस्त्यावरच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला येणारी माणसे लाखांत मोजावी लागतात. पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पंगतीपंगतीत पोहोचतो. शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभा केला, त्याच्याभोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाना वाढत गेला. आज आसपासच्या तालुक्यांतली पोरे इथे शिकतात, रुग्ण इथे येतात. तहसीलच्या कामाला मात्र मेहकर गाठावे लागते, जिल्ह्याच्या कामाला बुलढाणा, आणि माल विकायला ज्याला जी बाजार समिती जवळ पडेल ती. माणसांचे रोजचे जगणे असे पाच-सहा गावांत पसरलेले असते. कारभाराच्या हद्दी मात्र शिवेच्या दगडाशी थांबतात.

शेजारची गावे-शहरे जोडून एकच मोठे शहर करावे, ही कल्पना या विसंगतीतूनच जन्माला येते. धरण एकाच्या हद्दीत, नळ दुसऱ्याच्या. कारखाना एकाकडे, कामगारांच्या वस्त्या भलतीकडे. मग एकच नगररचना, एकच पाणीयोजना, एकच बससेवा का नको? कायद्यात वाट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार साधारण तीन लाख लोकसंख्येच्या नागरी क्षेत्राला महापालिका देता येते. शासन आधी अधिसूचनेचा मसुदा काढते, हरकती मागवते आणि मग अंतिम अधिसूचना निघते. बुलढाणा जिल्ह्यात आजही एकही महापालिका नाही. खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव, मेहकर ही सगळी नगरपालिकांची शहरे.

शेजारची दोन नामांकित शहरे जोडली की काय होते, हे पाहायचे तर सांगली-मिरजेला जावे.

ही दोन गावे मुळात भांडणातून वेगळी झालेली. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरातल्या वादानंतर १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरज सोडून सांगलीला आले आणि तिथे त्यांनी आपली राजधानी वसवली. पुढे सांगली आणि मिरज ही दोन वेगळी संस्थाने म्हणून वाढली. सांगलीला हळदीची पेठ लाभली, गणपती मंदिर लाभले. मिरजेला रेल्वेचे जंक्शन मिळाले, डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल मिळाले, आणि सतार-तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांची पिढीजात घराणी तिथे रुजली. आज सांगलीच्या हळदीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि मिरजेच्या सतारीलाही. दोन्ही वेगवेगळ्या नावांनी. जिल्हा सांगलीच्या नावाचा, पण सांगली शहर ज्या तालुक्यात येते तो तालुका मिरज! मधल्या विश्रामबागेने दोन्हींतले अंतर कधीच भरून काढले होते. शेवटी ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि औद्योगिक वसाहतीचे कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली. घरच्या वाटणीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी ही गावे एका दप्तरात आली.

नकाशावर हे सुंदर दिसते. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांवर गेली, म्हणजे तिघांपैकी एकट्याला कधी मिळाली नसती ती दखल एकत्रितपणे मिळाली. पण महापालिकेचे मुख्यालय सांगलीत, आणि पैसा मुख्यालयाभोवतीच फिरतो ही मिरजकरांची तक्रार अजून मिटलेली नाही. कुपवाडचे दुखणे त्याहून खोल आहे. तिथल्या ड्रेनेजचा प्रश्न एकत्रीकरणानंतर वीस वर्षे उलटली तरी लोंबकळतच राहिला. गटार उघडे असलेल्या गल्लीतल्या माणसाने स्वतःला कोणत्या शहराचा रहिवासी समजावे? महापालिकेची पाटी त्याच्याही दारावर आहे आणि कराची पावती त्याच्याही हातात आहे. त्याची नाराजी ही गावकुसाचा अभिमान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

विदर्भातला जोड याहून शांतपणे बसला. मुंबई-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला, अमरावतीच्या वाट्याला फाट्याची लाइन आली. दोन्ही गावे रोजच्या ये-जा करण्यातच एकमेकांना बांधली गेली होती. १९८३ मध्ये दोन्ही मिळून अमरावती महापालिका झाली. बडनेऱ्याचे नाव मात्र पुसले गेले नाही. विधानसभेचा मतदारसंघ आजही बडनेरा याच नावाने ओळखला जातो. पिंपरी-चिंचवडची घडण आणखी वेगळी. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून नवनगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यांचा कर हाताशी असल्याने रस्ते-पाणी पुरवायला इथे पैसा होता. म्हणून हा जोड टिकला, असे म्हणायला जागा आहे.

जिथे पैसा आणि सेवा नंतर आल्या, तिथे गावे बाहेर पडायला निघाली. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली; दोनच वर्षांत त्यातली २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला आणि तो वाद न्यायालयात गेला. पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची गोष्ट तर फार बोलकी आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडला, ती गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. वाढता मिळकतकर आणि अपुऱ्या सुविधा यांनी वैतागून त्यांनी बाहेर पडण्याची मागणी लावून धरली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

कराच्या बाबतीत कायदा एका मर्यादेपर्यंत समजूतदार आहे. नव्याने आलेल्या गावावर महापालिकेचा पूर्ण कर एकदम बसत नाही. तो टप्प्याटप्प्याने, दर वर्षी वीस टक्क्यांनी चढत पूर्ण दराला पोहोचतो. पण पाण्याची लाइन, दिवे आणि गटारेही त्याच वेळापत्रकाने यावीत, असे बंधन महापालिकेवर नाही. सारी गोची इथे आहे. कर चढण्याच्या प्रत्येक टप्प्यासोबत सेवेचाही टप्पा बांधून घेतला, तर निम्मे मोर्चे निघणारच नाहीत.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. सांगली-मिरज एकत्र आली त्याच वर्षी, १ जानेवारी १९९८ रोजी, कॅनडात टोरांटो आणि शेजारच्या पाच नगरपालिका जोडून एक टोरांटो झाले. आदल्या वर्षीच्या सार्वमतांत सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी नकार दिला होता. प्रांतिक सरकारने तरीही जोडणी केली. आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात, हुबळी-धारवाड ही १९६२ पासूनची जोडमहापालिका. हुबळी व्यापाराची, धारवाड विद्येचे आणि संगीताचे. धारवाडकरांनी वेगळ्या महापालिकेचा आग्रह सोडला नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. साठ वर्षे एकत्र नांदूनही जोड सुटू शकतो.

मग गावांनी सुटेच राहावे का? बुलढाणा जिल्ह्याने स्वतःच याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी खारट, त्यापायी मूत्रपिंडाच्या आजारांची भीती. एकेका ग्रामपंचायतीला हा प्रश्न सोडवणे अशक्य होते. म्हणून वान धरणाचे पाणी आणणारी १४० गावांची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आखली गेली. ना कुठली ग्रामपंचायत बरखास्त झाली, ना गावाचे नाव बदलले. एका कामापुरती गावे एकत्र आली. पाणी, घनकचरा, शहर बस, रुग्णवाहिका ही कामे अशी आधी जोडता येतात. ती नीट चालली आणि लोकांचा त्यावर विश्वास बसला, तर हद्दी जोडण्याची मागणी खालून येईल. ती वरून आलेल्या अधिसूचनेपेक्षा कितीतरी भक्कम असेल.

मेहकर तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गालगत गावांच्या जमिनी एकत्र करून ‘कृषी समृद्धी केंद्रे’, म्हणजे नवनगरे, वसवण्याची योजना आहे. शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि मोबदल्यात विकसित भूखंडाचा वाटा घ्यायचा, असा तिचा पाया. जिल्ह्यातल्या प्रस्तावित नवनगरांपैकी एक साब्रा-काब्रा परिसरात, दुसरे सिंदखेडराजा तालुक्यात सावरगाव माळच्या बाजूला. महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे आता लक्ष नवनगरांकडे वळणार. त्या वेळी ग्रामसभांनी काही गोष्टी लेखी मागायला हव्यात: नव्या नगराच्या पाण्याचा उद्भव कोणता, आणि त्यातून जुन्या गावठाणाला किती पाणी, ग्रामपंचायती राहणार की जाणार, आणि जाणार असतील तर कधी, बांधकाम परवानगीसाठी कोणाच्या दारात जायचे, कराचा पहिला वाढीव टप्पा लागू होण्याआधी गल्लीत काय काय आलेले असेल, आणि जमीन नसलेल्या शेतमजुराला या नगरात कोणते काम, कोणते घर. जमीन देण्याच्या संमतीपत्रावर सही होण्यापूर्वी ही उत्तरे इतिवृत्तात नोंदलेली असावीत.