‘आज भाजी कोणती?’

मराठी घरात दिवसातून अनेकदा विचारला जाणारा आणि क्वचितच धड उत्तर मिळणारा प्रश्न म्हणजे ‘आज भाजी कोणती करू?’ ‘कर काहीही’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. आमच्या सासूबाईंना मात्र हा प्रश्न पडल्याचे मी कधी पाहिले नाही. तिथी आणि बाजार या दोघांनी मिळून त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असे.

ज्येष्ठात पहिला पाऊस पडला, की ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडाची लहान, हिरवी, आंबट फळे असतात. शेवळे, अळू, सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. घसा खाजतो तो त्यांच्यामुळे. म्हणून शेवळांना काकड आणि अळूला चिंच किंवा आंबट चुका. सासूबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण कुणी नवखी बाई नुसतीच शेवळे घेऊन निघाली, की अनोळखी असली तरी तिला थांबवून त्या चार शब्द सांगत. मग टाकळा, कुरडू, भारंगी अशा एकेका रानभाजीची पाळी येई.

पुढची वाट पंचांग दाखवी. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. भजी, थालीपीठ, भरीत असा कांद्या-वांग्यांचा निरोपसमारंभ. मग चातुर्मासात दोघांना रजा. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातले अळू, माठ, भोपळा, पडवळ, शिराळी यांची एकत्र भाजी. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याच्या निमित्ताने भरीत पुन्हा पानात येई. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. पावटा, घेवडा, गाजर, वांगी, ओले हरभरे, तिळाचे कूट आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. चार महिने न खाल्लेल्या वांग्याची गोडी काय असते, हे बारा महिने वांगी खाणाऱ्याला कसे कळणार?

ऋतूंसारखेच घरातले प्रसंगही भाजीतून कळत. अळूचे फदफदे, त्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, हे लग्नाच्या पंगतीचे. मी बाळंतीण होते तेव्हा शेपू आणि मेथी यांखेरीज फारसे काही पानात पडले नाही. बटाटा, वांगी, गवार वातुळ म्हणून बंद. चाळीस दिवसांनी मिळालेल्या बटाट्याच्या काचऱ्यांची चव मला अजून आठवते.

सासूबाई गेल्या त्या वेळी सुतकात आमच्याकडे फोडणी दिली नाही. शेजारणी आळीपाळीने वरणभात, पिठले पाठवत होत्या. चौदाव्या दिवशी मी कढई ठेवली आणि तेलात मोहरी टाकली. ती तडतडली तसे बाहेर बोलत बसलेले सगळे क्षणभर गप्प झाले. माझे सासरे उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, ‘दुधी आहे वाटतं.’ तेरा दिवसांत जेवणाविषयी त्यांनी काढलेले ते पहिले वाक्य. घर पुन्हा सुरू झाले ते त्या दुधीपासून.

आता मटार मे महिन्यातही मिळतो, फ्लॉवरला ऋतू उरलेला नाही, आणि निवडलेली, चिरलेली भाजी दारात येते. नोकरी करून दमून आलेल्या बाईला तो केवढा आधार असतो, हे मी जाणते. त्यावर नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट खरी. पूर्वी भाजी ठरवण्याचे ओझे पंचांग, पाऊस आणि बाजार वाटून घेत असत. आता सगळे काही सदैव हजर, आणि त्यातून निवडायचे ओझे मात्र एकटीच्या डोक्यावर.

शिवाय कृती पुस्तकात सापडते. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि तिने वाटी-चमच्यांची मापे घरोघरी पोहोचवली. मात्र आपल्या घरात कोणत्या दिवशी काय करायचे, कुणाला कशाने बाधते, कोणत्या भाजीने कोण सावरले, हे कुठल्याच पुस्तकात नसते. ते सांगणारे माणूस गेले, की त्याबरोबर जाते.

म्हणून यंदा भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी, मी भाज्यांच्याही नोंदी करायला लागले आहे. पुण्याला नोकरी करणारी लेक सुट्टीत आली, की पाने उलटून हसते. पण जाताना मोबाईलवर त्यांचे फोटो काढून नेते. ज्येष्ठातल्या एका चौकटीत मी एवढेच लिहिले आहे : ‘शेवळे. काकड विसरू नये. शेजारणीलाही सांगावे.’