हँडलाचा थरकाप आणि त्यावरचा इलाज

वसंत व्याख्यानमालेत मोटारसायकलच्या हँडलावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशासाठी उभा राहिला, असा प्रश्न पुढच्या रांगेतील काही मंडळींच्या चेहऱ्यावर आम्हांला स्पष्ट दिसतो आहे. उत्तर सोपे आहे. घरोघर माल पोचविणारी जी मुले आमच्या संघटनेत आहेत, त्यांचा कारखाना म्हणजे त्यांची दुचाकी. तीन वर्षांपूर्वी त्यांतला एकजण रिकाम्या, सरळ रस्त्यावर पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. मालकाच्या चौकशीत एका ओळीचा शेरा लिहिला गेला : चालकाचा निष्काळजीपणा. मुलगा एवढेच सांगत होता की, हँडल आपोआप थरथरू लागले आणि हातातून सुटले. यंत्र आपोआप काही करीत नसते, असे साहेबांनी त्याला सुनावले. आमची शाळा सातवीतच सुटली; परंतु हे वाक्य आमच्या मनातून जाईना. मग गॅरेजात बसलो, पुस्तके आणून अडखळत वाचली. जे समजले ते सांगतो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक थरकाप. यात पुढचे चाक आणि हँडल तेवढे डावीउजवीकडे झटके खाते, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. दुसरा हेलकावा. यात सबंध गाडीच सापासारखी वळवळते, सेकंदाला दोन ते चार वेळा, आणि तोही बहुधा मोठ्या वेगात. गॅरेजात दोहोंनाही ‘वॉबल’ म्हणून मोकळे होतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. कारण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

थरकाप होतो का? दवाखान्यातील स्ट्रेचरची चाके पाहा. चाक आपल्या खुंटीच्या मागे फरफटत येते, म्हणून ते सरळ राहते. मोटारसायकलचेही तसेच आहे. हँडल ज्या खुंटीभोवती फिरते तिची रेषा मनाने जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या आठ-दहा सेंटिमीटर पुढे पडते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. चाक वाकडे झाले की ट्रेल त्याला ओढून सरळ करते. पण स्ट्रेचर जोराने ढकलले की तेच चाक कसे फडफडते, हेही आपण पाहिले आहे! सरळ होणारे चाक मध्यावर थांबत नाही, पलीकडे जाते. शिवाय टायर रबराचा, त्याचा रेटा किंचित उशिरा पोचतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का मिळत गेला तर झोका वाढत जातो, तद्वत येथे झटका वाढत जातो. म्हणजे थरकापाचे बीज प्रत्येक मोटारसायकलीत असतेच. चांगल्या स्थितीतल्या गाडीत ते आपोआप विझते, एवढाच फरक. तेव्हा ‘यंत्र आपोआप काही करीत नसते’ हे साहेबांचे शास्त्र कच्चे होते.

आता बीज पेटते कशाने? पहिला संशयित हँडलाच्या खुंटीतील बॉलरेस. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, दुसऱ्याने मागून दाबून पुढचे चाक उचलावे, आणि फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून मागेपुढे हलवावेत. ‘टक्’ असे लागले तर रेस ढिली. हँडल सावकाश फिरविताना मध्यावर खाचेत बसल्यासारखे अडले तर रेसला खड्डे पडलेले आहेत. ती बदलावीच लागते. काही मिस्त्री थरकाप घालविण्यासाठी रेस करकचून आवळतात. त्याने थरकाप दबतो खरा, पण सावकाश चालताना गाडी दारू प्याल्यासारखी चालते. दुसरा संशयित टायर : झिजलेला, कमी हवेचा किंवा रिमवर वाकडा बसलेला. तिसरा मागच्या चिमट्याचे बुश. फोर्कमधील जुने तेल, किंवा दोन पायांत कमीजास्त तेल, हेही पाहावे.

परंतु आमच्या मुलांच्या बाबतीत खरा आरोपी निराळाच आहे. तो म्हणजे भार. मागच्या कॅरिअरवर, चाकाच्या आसाच्याही मागे, भली मोठी पेटी बसविली की काय होते? मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजात नुसते ‘शॉकप’ म्हणतात, ते दबतात; गाडीचे नाक वर होते; खुंटीचा कल बदलतो आणि पुढच्या चाकावरचे वजन कमी होते. हलके झालेले पुढचे चाक आणि मागे झुलणारे ओझे, अशी ती जोडी.

यावरचा पहिला इलाज फुकटचा आहे. बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या शॉकपला खाचांची एक कडी असते. आकड्याच्या पान्याने ती फिरविली की स्प्रिंग आधीच दाबली जाते आणि बसलेली गाडी पुन्हा उचलते. चालक आणि ओझे मिळून शॉकप आपल्या एकूण चालीच्या सुमारे एक-तृतीयांश दबावा, हा ठोकताळा. आम्ही संघटनेतल्या गाड्या तपासल्या, तेव्हा बहुतेकांची कडी शोरूममधून निघाली त्याच खाचेवर गंजलेली सापडली. मागच्या टायरची हवाही दोघे बसतात तेव्हाची भरावी. तो आकडा गाडीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. जड वस्तू पेटीच्या तळाशी आणि पुढच्या अंगाला ठेवावी.

राहिला स्टिअरिंग डँपर. ही कल्पना जुनी आहे. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींच्या हँडलामध्ये एक मूठ असे. ती आवळली की आतल्या चकत्या घासत आणि हँडल जड होई. शहरात ढिली, हमरस्त्यावर घट्ट, असा रिवाज होता. तेलाचा डँपर यापेक्षा शहाणा. त्यात तेल बारीक छिद्रातून जाते, म्हणून हँडल हळू वळविले तर अडथळा जवळजवळ नाही. झटका आला तर मात्र जबर. सुझुकीची ‘टीएल १००० एस’ ही गाडी १९९७ साली आली. हँडल फेकण्याच्या तक्रारी झाल्यावर कारखान्यानेच तिला पुढे डँपर बसवून दिला. तेव्हा डँपर हे थोतांड नव्हे.

पण त्याची दुसरी बाजू इंग्लंडातील रॉबिन शार्प यांनी १९७१ साली गणिताने दाखविली. डँपर थरकाप शमवितो. मोठ्या वेगातला हेलकावा मात्र त्याने वाढू शकतो. शिवाय ढिली रेस तशीच ठेवून डँपर लावणे म्हणजे ताप उतरविण्याची गोळी देऊन जखम झाकणे होय. रेस, टायर, भार आणि शॉकप ठीक केल्यावरही वेगवान गाडी थरकत असेल, तरच डँपर लावावा, आणि तोही सर्वांत सौम्य खाचेपासून सुरू करावा.

रस्त्यात थरकाप सुरूच झाला तर? हँडलाशी कुस्ती करू नये. ताठ हात झटक्यात भरच घालतात. पुढचा ब्रेक दाबू नये. मूठ सैल पण सोडलेली नाही अशी धरावी, अंग थोडे पुढे घ्यावे आणि गॅस हळूहळू कमी करावा. हे सांगणे सोपे, करणे कठीण, हे आम्ही जाणतो. जुनी गाडी घेऊन गावोगाव सभांना जाताना एकदा आमचीही गाळण उडाली होती.

त्या मुलाची गाडी आम्ही मालकाच्या आवारातच उघडून दाखविली. रेसला खड्डे, शॉकपची कडी पहिल्या खाचेवर, आणि पेटी मालकानेच ठरवून दिलेल्या मापाची. साहेबांनी तत्काळ तोडगा सुचविला : सर्वांनी डँपर बसवावेत, पैसे पगारातून कापू! आम्ही नाही म्हटले. जी रेस काही शे रुपयांत बदलते ती मालकाच्या खर्चाने बदलावी, आणि पेटी लहान करावी, असा आग्रह धरला. रेस बदलून मिळाल्या. शेरा रद्द झाला. पेटीचा आणि दवाखान्याच्या बिलाचा तंटा अजून चालू आहे. आकड्याचा पाना संघटनेच्या कचेरीत दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि संध्याकाळपर्यंत परत आणावा.