मध्येच लागणारा दिवा

डॅशबोर्डवरचा दिवा कायम पेटून राहिला, तर दोष शोधायला फारसा वेळ लागत नाही. वायरमनचा कस लागतो तो मध्येच लागून गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर विझलेल्या दिव्यापाशी. मग अंदाजाने सेन्सर बदलला जातो, चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. जुन्या गाडीवर असा खर्च करण्याआधी मालकाने एवढं जरूर लिहून ठेवावं: दिवा लागला तेव्हा गाडी वळत होती का, इंजिन तापलं होतं का, पाऊस होता का, हेडलाइट आणि एसी चालू होते का?

ब्रेकचा लाल दिवा घ्या. घाट उतरताना वळणावर क्षणभर लागतो, सरळ रस्त्याला विझतो. ब्रेक ऑइलच्या डबीत फ्लोट असतो. पातळी खालच्या रेषेजवळ आली, की वळणावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. पण ऑइल कमी का झालं? पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि ती जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. नुसतं ऑइल ओतून दिवा विझवला, तर झिजलेल्या पॅडची खबर देणारी खूणच आपण पुसून टाकतो. आधी पॅड पाहावेत, मग गळती. हँडब्रेकचा स्विचही बहुतेक गाड्यांत हाच दिवा लावतो, तोही तपासावा.

ऑइल प्रेशरच्या दिव्याबाबत मात्र वेळ घालवू नये. तो क्षणभर जरी लागला, तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि डिपस्टिक पाहायची. ऑइल पुरेसं असेल तर गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय 'स्विच खराब असेल' हे मान्य करू नये.

एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन दिवे एकदम लुकलुकले, तर माझा पहिला संशय बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगवर. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या खाऱ्या हवेत, अर्थची पट्टी बोल्टखाली गंजते. वरून ती धडधाकट दिसते. साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. मग इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवावी. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर पट्टी खोलून घासायलाच हवी.

भारतात एप्रिल 2013 पासून नव्या मोटारींना ओबीडी-2 ही दोष नोंदवणारी यंत्रणा आली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत दोषाचा कोड वाचायला स्कॅनर मदतीला येतो. कोड उडवण्याची घाई मात्र नको. कोडसोबत दोषाच्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान असं सगळं साठवलेलं असतं आणि कोड उडवला की तेही जातं. आधी त्याचा फोटो काढून घ्यावा. शिवाय कोड त्या सर्किटकडे बोट दाखवतो. सेन्सर मेला असं तो सांगत नाही. स्कॅनरवर त्या सेन्सरचा आकडा चालू ठेवावा आणि इंजिनच्या पट्ट्यापासून, पंख्यापासून हात जपत त्याची वायर कपलरपाशी हळूच हलवावी. आकडा उडाला, तर इंजिन बंद करून कपलर उघडायचा, पिनांवरचा हिरवा गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने काढायचा, सैल पिन घट्ट करायची आणि पुन्हा तीच वायर हलवून आकडा स्थिर राहतो का ते पाहायचं.