तळाचा खटका

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून सकाळी निघायचं, क्रांती चौकात जालना रोडला लागायचं आणि मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको असं करत चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत पोचायचं. या एवढ्या प्रवासात दोनशे अश्वशक्तीच्या गाडीला आपला दम दाखवायची संधी बहुधा एकदाही मिळत नाही. रिक्षा, दुचाक्या, सिग्नल, मध्येच उभी राहिलेली बस. विमानतळ मागे पडला की रस्ता जरा मोकळा होतो. पुढे भंगार लादून जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे निघालेला ट्रक असतो, शेजारची लेन रिकामी असते, आणि चालवणारा ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबतो.

पेडल तळाला टेकण्याच्या जरा आधी पायाला एक अडथळा लागतो. तो ओलांडला की ‘खट्’ असं जाणवतं. इंजिनाचा आवाज चढतो, काटा दीड हजारावरून चार हजारांपलीकडे उडी मारतो आणि मग, क्षणभरानं, पाठ सीटला चिकटते. यालाच किकडाऊन म्हणतात. या लेखाचा खरा विषय मात्र खटका आणि धक्का यांच्यामधला तो क्षण आहे.

या गोष्टीचं या शहराशी जुनं नातं आहे. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१मध्ये ऑक्टेव्हिया घेऊन सुरू झाला. पुढे सुपर्ब तिथेच जुळू लागली, ऑडीच्या ए४ आणि ए६ही तिथूनच बाहेर पडल्या. ऑक्टोबर २०१०मध्ये तर शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी नवलाईनं छापली. म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्सच्या दमदार सेडान बनवणारं आणि बाळगणारं हे गाव आहे. तरीही ‘खटका दाबल्यावर नेमकं काय होतं?’ असं विचारलं, तर ‘पॉवर वाढते’ हेच उत्तर सहसा मिळतं. ते अर्धंच बरोबर आहे.

इंजिनात जादा पेट्रोल ओतणारा एखादा गुप्त नळ तिथे नसतो. जे घडतं ते एसटीचा चालक कितीतरी वर्षं हातानं करत आला आहे. कन्नडच्या औट्रम घाटात चढ लागला, गाडी दम टाकायला लागली, की तो डबल क्लच मारून गिअर खाली घ्यायचा. किकडाऊन म्हणजे तेच काम. फरक इतकाच की हात दांड्यावर न जाता पायानं हुकूम सुटतो, आणि एकाऐवजी दोन-तीन गिअर एका दमात उतरता येतात.

गणित सोपं आहे आणि ते शेंद्र्यात जुळलेल्या गाडीवरच करता येतं. २०२०च्या सुपर्बचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १९० अश्वशक्तीचं. त्याचा टॉर्क, म्हणजे दांड्याला मिळणारा पीळ, ३२० न्यूटन-मीटर. आणि तो मिनिटाला साधारण १,५०० फेऱ्यांपासून ४,००० फेऱ्यांपर्यंत सपाट राहतो. आता शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेरे. १,५०० फेऱ्यांवर पूर्ण पीळ लावला तरी हिशेब येतो ६८ अश्वशक्तीचा. ४,०००वर तोच पीळ १८२ अश्वशक्ती देतो. एकशे नव्वदची गाडी म्हणून पैसे मोजले, पण वरच्या गिअरमध्ये संथ चालताना पायाखाली असतात जेमतेम अडुसष्ट. बाकीच्या गिअरबॉक्सनं राखून ठेवलेल्या असतात, इंधन वाचावं म्हणून.

चाकाकडून पाहिलं तरी उत्तर तेच. त्याच वेगाला इंजिन १,५००ऐवजी ४,००० फेरे घेणार असेल, तर गिअरचं गुणोत्तर सुमारे २.७ पट मोठं झालेलं असतं, म्हणून चाकाला पोचणारा जोरही तितक्याच पट वाढतो. त्यातून हवेचा आणि टायरचा विरोध वजा करायचा. आधी उरलेला जोर थोडका होता, आता भरपूर उरतो. म्हणून प्रवाशाला फरक तिपटीपेक्षाही मोठा वाटतो, आणि त्याचं वाटणं चुकीचं नसतं.

हुकूम पोचतो कसा, याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सनं हायड्रा-मॅटिक हा चार गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स १९४०च्या ओल्ड्समोबीलमध्ये दिला. त्यात संगणक नव्हता, अर्थातच. तेलाचा दाब हाच त्याचा मेंदू. गाडीच्या वेगानुसार एक दाब, थ्रॉटल किती उघडलं त्यानुसार दुसरा. दोघांची रस्सीखेच व्हायची आणि जिंकेल त्याप्रमाणे व्हॉल्व्ह सरकून गिअर बदलायचा. पाय पूर्ण दाबला की थ्रॉटलची बाजू जिंकायची आणि गिअर उतरायचा. नंतरची बरीच वर्षं पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल धावायची, किंवा पेडलखाली विजेचं बटण असायचं. केबल ढिली पडली की गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार यायची, आणि जाणता मेकॅनिक इंजिनाला हात लावण्याआधी ती केबल ताणून बघायचा.

आजच्या पेडलला केबल नाही. पाय किती दाबला हे सेन्सर मोजतात. तेही दोन, एकानं चूक सांगितली तर दुसऱ्यानं पकडावी म्हणून. आणि गंमत अशी, की फोक्सवॅगन-स्कोडाच्या अशा पेडलमध्ये तळाशी जो खटका लागतो, तिथे वेगळं बटण नसतंच. ती निव्वळ स्प्रिंगची यांत्रिक योजना आहे. संगणकाला सेन्सरच्या आकड्यावरूनच कळतं की पाय त्या टोकापलीकडे गेला. खटका ठेवला आहे तो माणसासाठी. चुकून दाबला गेला, असं पुढे म्हणता येऊ नये.

संगणकाला कळल्यावर मात्र तो लगेच होकार देत नाही. आधी गाडीचा वेग पाहतो आणि हिशेब करतो की कितव्या गिअरपर्यंत उतरलं तर इंजिन लाल रेघ ओलांडणार नाही. दुसरा गिअर मागितला आणि त्यात सात हजार फेरे होणार असतील, तर तो तिसऱ्यावरच थांबतो. मग टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स असेल तर कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, आतल्या एका क्लचची पकड सैल होते, दुसऱ्याची घट्ट होते, आणि त्या सांध्यात इंजिनाचे फेरे नव्या गिअरला जुळतील इतके वर नेले जातात. जर्मनीच्या झेडएफचा आठ गिअरचा ८एचपी २००९पासून बीएमडब्ल्यूत आला. त्यात चार ग्रहचक्र-संच आणि पकड देणारे पाच घटक असतात. कोणत्याही गिअरमध्ये त्यांपैकी फक्त दोनच मोकळे असतात. या रचनेमुळे आठव्यावरून थेट दुसऱ्यावर उडी घेता येते, मधल्या पायऱ्या चढउतर करायची गरज नाही.

सुपर्ब किंवा ऑक्टेव्हियाच्या डीएसजीचा स्वभाव वेगळा. तिथे दोन क्लच असतात: एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच जोडून ठेवलेला असतो. म्हणून वर चढताना तो विजेसारखा बदलतो. पण हा अंदाज नेहमी बरोबर येईलच असं नाही. चालवणारा निवांत सहाव्यात चालला आहे, गिअरबॉक्सनं सातवा तयार ठेवला आहे, आणि अचानक पाय तळाला! आता हवा आहे चौथा, जो सहाव्याच्याच क्लचवर बसतो. एकाच दांड्यावरचे दोन गिअर थेट बदलायचे तर मध्ये जोर तुटणार. ते टाळायला दुसऱ्या क्लचवरच्या गिअरचा आधार घेऊन यावं लागतं. हे सगळं आपल्याला फक्त ‘हं... आता!’ एवढंच जाणवतं.

त्यात टर्बोची भर. थ्रॉटल उघडलं तरी टर्बोचं चक्र वेग घ्यायला वेळ लागतो. किकडाऊननं फेरे वाढले की निकासवायू वाढतो आणि टर्बो लवकर जागा होतो. म्हणजे गिअर उतरवण्याचा इथे दुहेरी फायदा. पण सुरुवातीचा तो क्षण उरतोच.

आणि तो क्षण अंतरात मोजला की डोळे उघडतात. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. खटका दाबून धक्का मिळेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर ११ मीटर, म्हणजे एका एसटीच्या लांबीएवढं अंतर, जुन्याच गिअरच्या जोरावर पार होतं. दुपदरी रस्त्यावर समोरून वाहन येत असताना उजवीकडे निघून मग खटका दाबणारा हे ११ मीटर चुकीच्या बाजूला घालवतो. सरावलेला चालक आपल्या लेनमध्ये असतानाच स्पोर्ट मोड लावतो किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलनं दोन गिअर आधीच उतरवतो, काटा चार हजारांवर आणतो, रस्ता दिसला की निघतो. तेव्हा पायाला खटका लागो न लागो, जोर हजर असतो. गाड्यांच्या जाहिराती शून्य ते शंभरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण उभ्या गाडीतून सुटताना गिअर उतरवायचाच नसतो. तिथे पहिला गिअर असतोच. रोजच्या रस्त्यावर कामाचे आकडे २० ते ८० आणि ४० ते १००चे. भारतातली वाहन-मासिकं स्वयंचलित गाड्यांचे हे आकडे किकडाऊनमध्ये घेतात, आणि गाडी घेणाऱ्यानं चाचणीच्या तक्त्यात आधी तेच शोधावेत.

प्रत्येक वेळी खटका दाबून काही मिळतंच असंही नाही. इंजिन आधीच पाच हजारांवर असेल तर खाली उतरायला जागा नसते. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत, पावसाळी रस्त्यावर, दुसऱ्या गिअरचा पूर्ण जोर आला की टायर घसरतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा गळा आवळतो. आवाज खूप, पळणं कमी. आणि पेट्रोलचं काय होतं ते पंपावर कळतंच.

समृद्धी महामार्गावर तर या सगळ्याची गरजच कमी. कारला १२०ची मर्यादा, समोरून येणारं कुणी नाही, जागा मुबलक. तिथे गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये पेंगत बसतो. खटक्याची खरी परीक्षा कन्नडकडच्या चढावर आणि गावांकडे जाणाऱ्या दुपदरी फाट्यांवर होते.

उस्मानपुऱ्यात, स्टेशन रोडला, १९६०पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गिअरचं गुणोत्तर आणि टॉर्कचं गणित तिथल्या मेकॅनिकलच्या मुलांना पाठ असणार. मात्र त्यांच्यातले जे पुढे याच गावात गाड्या बनवतील, त्यांच्या वाट्याला किकडाऊन येईलच असं नाही. बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत एथरनं विजेच्या स्कूटरचा कारखाना जाहीर केला आहे. विजेच्या बहुतेक वाहनांना गिअर एकच असतो आणि मोटरचा पूर्ण पीळ पहिल्या फेऱ्यापासून हजर असतो. खाली घ्यायला तिथे दुसरा गिअरच नाही.