लिओनिडासच्या खिंडीतला समुद्र कुठे गेला?

समोर नजर पोचेल तिथवर शत्रूचं सैन्य पसरलंय आणि त्यांचा राजा निरोप धाडतो, ‘मुकाट्यानं शस्त्रं आमच्या हवाली करा!’ काय उत्तर द्याल?

इसवी सन पूर्व 480 मध्ये ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत इराणचा सम्राट झर्क्सिस यानं स्पार्टाचा राजा लिओनिडास याला असाच निरोप धाडला. लिओनिडास म्हणाला, ‘या आणि घेऊन जा!’ निदान प्लुटार्क हा लेखक तरी तसं सांगतो. प्लुटार्क या लढाईनंतर पाचशेहून जास्त वर्षांनी झाला. लढाईचा इतिहास पन्नासेक वर्षांतच लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या पुस्तकात हे उत्तर नाही. म्हणजे शब्द नेमके हेच होते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण ग्रीकांनी शस्त्रं दिली नाहीत, एवढं नक्की!

मला मात्र त्या उत्तराइतकीच ती जागाही विलक्षण वाटते. साधारण सात हजार ग्रीकांनी एवढ्या प्रचंड सैन्याला तीन दिवस थोपवलं, ते कशाच्या जोरावर? एका बाजूला डोंगराचा उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वाट. हिरोडोटस लिहितो, की काही ठिकाणी एका वेळी एकच गाडी जाऊ शकेल एवढीच ती रुंद होती. तिथे लाख माणसं आली तरी पुढे लढणार मूठभरच. त्यातून ग्रीकांचे भाले लांब आणि इराण्यांचे आखूड! शेवटी एका फितुरानं डोंगरातली आडवाट दाखवली आणि ग्रीक मागून घेरले गेले. तीनशे स्पार्टनांची कीर्ती सगळीकडे झाली, पण त्यांच्याबरोबर थेस्पिया गावचे सातशे जणही तिथेच लढत मेले. त्यांचं नाव फार कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

1939 मध्ये मारिनातोस या पुरातत्त्वज्ञानं तिथल्या एका टेकडीवर खोदकाम केलं, तेव्हा इराणी पद्धतीच्या बाणांची टोकं ढिगानं सापडली. शेवटची झुंज याच टेकडीवर झाली असणार!

आता खरी गंमत. आज तिथे जाऊन उभं राहिलात तर समुद्र दिसतच नाही. कड्याच्या पायथ्यापासून शेतांचं सपाट मैदान पसरलंय आणि पाणी आहे काही किलोमीटर लांब. मग समुद्र गेला कुठे?

तो हटवला स्पर्खिऑस नावाच्या नदीनं. डोंगरातून येताना ती गाळ आणते. शेजारचं आखात उथळ आणि आडोशाचं आहे. तिथे पाणी संथ झालं, की गाळ खाली बसतो. अडीच हजार वर्षं हे चाललंय, त्यामुळे किनारा पुढे पुढे सरकत गेला.

दुसरा हातभार लावला गरम पाण्याच्या झऱ्यांनी. पावसाचं पाणी चुनखडकाच्या भेगांतून खोल जातं, तापतं, चुना विरघळवून घेतं आणि पुन्हा वर येतं. उघड्यावर आल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुन्याचा थर साचतो, अगदी पाणी तापवायच्या भांड्याला आतून बसतो तसाच. फक्त इथे त्याचा चक्क दगड बनतो! झर्क्सिसच्याही आधी तिथल्या फोकियन लोकांनी हेच गरम पाणी वाटेवर सोडलं होतं. जमिनीत घळी पडाव्यात आणि शत्रूला येता येऊ नये, म्हणून!

भूशास्त्रज्ञांनी तिथे खोल भोकं पाडून मातीचे नमुने वर काढले आणि कुठला थर समुद्रातला, कुठला नदीचा, कुठला झऱ्यांचा, हे तपासलं. त्यावरून कळलं, की लिओनिडास ज्या वाटेवर उभा होता, ती आता कित्येक मीटर खाली गाडली गेली आहे.