मागची वही आणि पुढचा वायदा



रान खुरपायचे आहे. किती बाया लागतील, किती दिवस लागतील, हे आपण कसे सांगतो? 'गेल्या साली याच तुकड्याला सहा बायांना दोन दिवस लागले. यंदा तण जास्त आहे, तेव्हा तीन धरा,' असे म्हणतो. म्हणजे मागे झालेले काम हीच आपली मोजपट्टी. संगणकाचे काम करणाऱ्यांनाही हीच मोजपट्टी लागते, आणि ती हाती न धरल्यामुळे पुष्कळांची फजिती होते, हे आज सांगायचे आहे.

आपल्या खेड्यापाड्यांतली मुले आज पुण्याला, बंगळूरला सॉफ्टवेअरचे काम करतात. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला द्यायच्या बारीकसारीक सूचना. बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट, सातबाराचा उतारा, सारे आज त्यावर चालते. साहेब विचारतात, 'काम केव्हा होईल?' मुलगा सांगतो, 'दोन आठवड्यांत.' प्रत्यक्षात लागतात चार. मग जागरणे, घाईत राहिलेल्या चुका, आणि वर 'शब्द पाळला नाही' हा ठपका. मुलगा आळशी नव्हता, खोटारडाही नव्हता. मग चुकले कोठे?

चुकले ते असे, की अंदाज करताना माणूस पुढे पाहतो, मागे वळून पाहत नाही. सगळे सुरळीत होईल असे धरून चालतो. डॅनियल काहनेमन आणि एमस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हा दोष दाखवून दिला. शिक्षकबंधूंना काहनेमन यांचा स्वतःचाच अनुभव ऐकण्यासारखा वाटेल. १९७०च्या दशकात इस्राएलमध्ये ते एका मंडळाबरोबर माध्यमिक शाळेसाठी पाठ्यपुस्तक तयार करीत होते. पुस्तक पुरे व्हायला किती काळ लागेल, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहिले. दीड ते अडीच वर्षे, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मंडळात अभ्यासक्रमाचे एक जाणकार होते. त्यांना विचारले, 'असे काम करणाऱ्या इतर मंडळांचे काय झाले?' ते विचारात पडले. म्हणाले, शेकडा चाळीस मंडळांचे काम कधी पुरेच झाले नाही, आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. गंमत पाहा, ही माहिती असूनही या गृहस्थांनी स्वतःच्या चिठ्ठीवर अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता! पुस्तकाला पुढे आठ वर्षे लागली.

मग उपाय काय? एक वही घालावी. प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहावेत : आधी केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ. समजा, एका मुलाच्या वहीत पाच कामे आहेत. अंदाज होते ४, ८, २, ६ आणि १० तास. लागले ६, १०, ५, ६ आणि १८ तास. अंदाजाची बेरीज ३०, प्रत्यक्षाची ४५. म्हणजे हा मुलगा एकंदरीत दीडपट चुकतो. आता नव्या कामाला तो २० तास म्हणाला, तर आपण ३० धरावेत.

पण एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक कामाची पट वेगळी आहे : दीडपट, सव्वापट, अडीचपट, बरोबर एकपट आणि १.८ पट. या पाच पटी पाच चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाका. नव्या कामाचे चार भाग करा, समजा ४, ६, २ आणि ८ तासांचे. प्रत्येक भागासाठी एक चिठ्ठी काढा, गुणाकार करा, चिठ्ठी परत मडक्यात टाका. दीड, अडीच, एक आणि सव्वा अशा चिठ्ठ्या निघाल्या, तर ६, १५, २ आणि १० मिळून ३३ तास झाले. असे शंभर वेळा करा आणि बेरजा लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा.

या मांडणीतून फार मोलाची गोष्ट कळते. ३० तासांचा वायदा शंभरांत सुमारे साठ वेळा मोडतो. ३७ तासांचा केला, तर सुमारे ऐंशी वेळा पाळला जातो. आणि मूळचे २० तास? चारही वेळा 'एकपट' हीच चिठ्ठी निघाली तरच ते जमते. तसे ६२५ वेळांत एकदाच घडायचे! न्यूयॉर्कचे जोएल स्पोल्स्की यांनी २००७ साली सॉफ्टवेअरच्या कामासाठी याच धर्तीची रीत मांडली. चिठ्ठ्यांचे काम तेथे संगणकच करतो. मडक्याचा हा प्रयोग सातवी-आठवीच्या वर्गात सहज होईल. मुलांना सरासरीही कळेल आणि संभाव्यताही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. काम मोठे असेल तर त्याचे तुकडे पाडावेत. कोणताही तुकडा १६ तासांहून मोठा नसावा, असे स्पोल्स्की सांगतात. कारण मोठ्या तुकड्यात काय काय करायचे, याचा विचारच झालेला नसतो. मध्ये आलेला फोन, बैठक, बिघाड हा वेळही वहीत धरावा. तोही कामातच जातो. एकाची वही दुसऱ्याला लावू नये. काम अगदी निराळ्या जातीचे असेल, तर जुन्या वहीवर फार विसंबू नये. ज्वारीच्या खुरपणीवरून उसाच्या तोडणीचा हिशेब निघत नाही.

शेवटचे पथ्य साहेबमंडळींसाठी आहे. वहीचा चाबूक करू नये. 'अंदाज चुकला, पगार कापा,' म्हटले की दुसऱ्याच दिवसापासून वहीत खोटे आकडे येऊ लागतील, आणि खोट्या वहीपेक्षा वही नसलेली बरी.

तेव्हा आपला मुलगा सुट्टीत घरी आला, की त्याला विचारा, 'बाबा रे, मागच्या कामाला किती दिवस धरले होतेस, आणि लागले किती?' त्याने ते लिहून ठेवले असेल, तर पुढच्या वेळी साहेबांपुढे 'दोन आठवडे' म्हणण्याआधी तो वही उघडून पाहील. कदाचित 'चार' म्हणेल. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण दिलेला शब्द पाळला जाईल, आणि रात्री त्याला झोपही लागेल.